सामाईक भिंत

शिरसाठ एजंटनं फाटकावर 'विकणे आहे' लावलं.
खाली नंबर त्याचा, आमचा नाही.
'ताई, तुम्ही दारात थांबू नका,' म्हणाला,
'मालकाचा चेहरा दिसला की गिऱ्हाईक भाव पाडतं.'

म्हणून मी आत आहे.
सिडको, चौथी योजना.
खाली दोन खोल्या, वर अण्णांनी चढवलेली एक,
आणि बाजूच्या मोकळ्या पट्टीत
परवानगीशिवाय सरकत गेलेलं स्वयंपाकघर,
ज्याबद्दल बोलायला शिरसाठनं मना केलंय.

अण्णा अंबडला टर्नर होते.
शेवटचा हप्ता फिटला त्या संध्याकाळी
पेढे आणले नाहीत. मोजायचा टेप आणला.
एक टोक माझ्या हातात देऊन घर पुन्हा मोजलं.
'कागदापेक्षा अर्धा इंच जास्त भरतंय!'
तो अर्धा इंच ते महिनाभर
भेटेल त्याला सांगत सुटले होते.

पलीकडे खैरनार.
मधली भिंत नऊ इंचांची,
साडेचार त्यांची, साडेचार आमची.
खरेदीखतात तिला सामाईक म्हणतात.
आमच्यात तिची भाषा होती.
एक टकटक: नळ आला, उठा.
दोन: तुमचा फोन आहे
(फोन त्यांच्याकडेच होता, बरीच वर्षं).
तीन: असाल तसे या.

तीन दोनदाच वाजले.
एकदा त्यांच्याकडून,
मंदाकाकूंना रिक्षापर्यंतही चालवेना तेव्हा.
प्रसाद खैरनार आमच्या सतरंजीवर जन्मला.
एकदा आमच्याकडून.
भिंतीवर मूठ माझी होती.
काका आले तेव्हा अण्णांच्या हातातला पेला
अजून सांडला नव्हता.

हे शिरसाठला सांगितलेलं नाही.
घरात कुणी गेलेलं असलं
की दीड लाख तरी तुटतात म्हणे.

रविवारी निकुंभ आले, साक्रीकडचे,
नवराबायको, तिच्या कडेवर झोपलेली पोर.
तिनं ओट्यावरून हात फिरवला,
खिडकी उघडून पाहिली, पांडवलेणी दिसतात का विचारलं.
वरून दिसतात, मी म्हणाले. पाऊस नसला तर.
तो मात्र माहितगार.
नळ सोडून पाहिला, फरशीवर टाच आपटली,
मग प्लास्टर पोकळ आहे का बघायला
बोटांची पेरं भिंतीवर.
टक.
टक.
मी 'अहो' म्हणेपर्यंत
तिसरा वाजला.

पलीकडे काहीतरी पडलं. स्टूल असावं.
मग त्यांचं फाटक, मग आमचं,
आणि खैरनारकाका दारात.
ब्याऐंशी वर्षं, बनियन, पायात काही नाही,
एका हातात बॅटरी, भर दुपारी,
दुसऱ्यात पैशांचं पाकीट.
'कोण? काय झालं? रिक्षा बोलावू?'

कुणीच काही बोलेना.
शिरसाठनं माझ्याकडे असं पाहिलं
की मी सगळंच सांगून टाकलं.
टकटकी, सतरंजी, अण्णा, पेला.
स्वयंपाकघराचंही. आता राहिलंच काय होतं.
अर्धा इंच तेवढा सांगायचा विसरले.

काका भिंतीला टेकून धापा टाकत होते,
त्यांच्याच साडेचार इंचांना, आमच्या बाजूनं.
पाणी द्यावं तर घरात पेलाही उरला नव्हता.
तिनं पोरीची बाटली उघडून त्यांच्यापुढे धरली,
चोखायच्या नळीची, वर ससा असलेली.
काका प्यायले.

शिरसाठ बाहेर जाऊन कुणाशी तरी फोनवर
हळू आवाजात बोलत होता.
निकुंभ खिशात हात घालून उभा,
जसं काही त्यानंच काहीतरी फोडलंय.

ती म्हणाली,
'एक म्हणजे पाणी. तीन म्हणजे या.
दोनचं काय केलंत, फोन सगळ्यांकडे आल्यावर?'

मी काकांकडे पाहिलं. काकांनी माझ्याकडे.

'मग दोन मोकळंच आहे की,' ती म्हणाली,
आणि पोर दुसऱ्या कडेवर घेतली.